पाण्यात गेलेला ईसीएम आणि इमोबिलायझरचा डेटा: बदलण्याआधी काय वाचून ठेवायचं

तारतंत्री (धागाकर्ता)

जून ते सप्टेंबर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येतो. गाडीत पाणी शिरलं, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच नंबरचा जुना आणून लावला. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा मिचमिचत राहतो. उत्तर मिळेपर्यंत मूळ बोर्ड भंगारात गेलेला असतो. म्हणून सगळं एका जागी आणू या.

आधी एक गोष्ट पक्की करा. ईसीएमचं हार्डवेअर बाजारात मिळतं. त्यातले इमोबिलायझरचे (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) काही डझन बाइट मात्र त्या एकाच गाडीचे असतात, ते कुठेच विकत मिळत नाहीत. त्यामुळे मेलेला बोर्ड आधी वाचायचा आणि मगच त्याचं काय करायचं ते ठरवायचं.

त्या बाइटांत साधारण हे असतं: गाडीचा पिन किंवा सिक्रेट कोड, शिकवलेल्या चाव्यांची नोंद, समोरच्या युनिटशी जुळणारा सामायिक कोड (समोरचं युनिट म्हणजे मीटर क्लस्टर, बॉडी कॉम्प्युटर किंवा स्वतंत्र इमोबिलायझर पेटी), चुकीच्या प्रयत्नांचा काउंटर, आणि हा ईसीएम कोरा आहे की एखाद्या गाडीला बांधलेला आहे ते सांगणारा शिक्का. बऱ्याच ईसीएमांत चासी नंबरही असतो.

डेटा कुठे असतो ते पिढीवर अवलंबून आहे. जुन्या युनिटांत आठ पायांची वेगळी ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप) असते: ९३सी५६, ९३सी६६, २४सी०२, २४सी०४, ९५०४०. आकार २५६ ते ५१२ बाइट, एखादी १ केबीची. बॉशच्या ईडीसी१७ आणि मेड१७ या ईसीएमांत ट्रायकोर प्रोसेसर आला. तिथे बहुतेक ठिकाणी प्रोसेसरच्या आतल्या डेटा फ्लॅशमध्येच ईईप्रॉमचं काम होतं, तर काही मॉडेलांत बाहेरची ९५३२० शिल्लक आहे. अगदी नव्या युनिटांत गुप्त किल्ल्या वेगळ्या सुरक्षा भागात असतात आणि त्या बाहेर वाचताच येत नाहीत. त्यावर संकेतलिपी ताई लिहितील अशी आशा आहे.

आय२०_कोथरूड

माझ्याकडच्या गाडीची स्थिती नेमकी हीच आहे. ह्युंदाई, पेट्रोल. लावलेला जुना ईसीएम त्याच पार्ट नंबरचा आहे. स्कॅनरवर ईसीएम स्टेटस "लर्न्ट" दिसतं आणि चाव्यांची संख्या २. दोन चाव्या दिसत असतील तर माझ्याच दोन चाव्या त्याने ओळखल्या ना?

चावी_नाशिक

नाही. त्या मागच्या गाडीच्या दोन चाव्या आहेत. ह्युंदाईची स्मार्ट्रा (चावी आणि ईसीएम यांच्या मधलं युनिट) समजून घेतली की हा घोळ राहत नाही.

चावीच्या डोक्यात ट्रान्सपाँडर चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. लॉकभोवतीच्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र येतं, त्यावरच ती जागी होते. (रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी सुरू होत नाही हा समज अशा चावीच्या गाडीला लागू नाही.) स्मार्ट्रा युनिट रेडिओवरचं बोलणं एका तारेवरून ईसीएमकडे पोचवतं. जुन्या स्मार्ट्रात गुपित काहीच नसतं, ती नुसती दुभाषी. पिन, चाव्या, निर्णय सगळं ईसीएममध्ये.

ईसीएमच्या तीन अवस्था:

कोरा, म्हणजे व्हर्जिन. यात पिन कधीच बसलेला नाही. पहिली चावी शिकवताना जो सहा अंकी पिन टाकाल तो कायमचा बसतो. इथे घाईत चुकीचा अंक पडला की नव्या कोऱ्या ईसीएमला भलताच पिन चिकटतो. अंक मोठ्याने वाचून दुसऱ्याने ताडून बघितल्याशिवाय एंटर दाबू नका.

लर्न्ट. हा एका पिनला बांधलेला असतो. तो पिन दिल्याशिवाय नवी चावी घेणार नाही.

न्यूट्रल. एकदा बांधलेला आणि नंतर रीतसर मोकळा केलेला. याला नव्या गाडीचा पिन देता येतो.

तुमचा ईसीएम लर्न्ट आहे. त्याला न्यूट्रल करायला *ज्या गाडीतून तो निघाला तिचा* पिन लागतो, तुमच्या गाडीचा चालत नाही. भंगारवाल्याकडे मूळ गाडीची कागदपत्रं नसतील तर ती वाट बंद.

आणि अंदाजाने पिन टाकत बसू नका. तीन वेळा चुकला की ईसीएम तासभर काहीच स्वीकारत नाही. बॅटरी काढून हा तास कमी होत नाही. उलट बॅटरी परत जोडली की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. लोक बॅटरीची तार काढतात, लावतात आणि म्हणतात, "दिवसभर लॉकच आहे." लॉक तेच वाढवत असतात.

तारतंत्री

चावी_नाशिक यांनी सांगितलेल्या अवस्थेसोबत स्कॅनरवरचे बिघाडाचे कोडही बघा म्हणजे ईसीएमवर उगाच आळ येणार नाही. ह्युंदाई-कियाच्या या प्रणालीत पी१६९० म्हणजे स्मार्ट्राचं उत्तरच नाही, पी१६९१ अँटेना कॉइल, पी१६९३ ट्रान्सपाँडरचं उत्तर नाही किंवा चुकीचं, पी१६९५ ईसीएमची मेमरी, पी१६९६ ओळख पटली नाही. पाण्यात गेलेल्या गाडीत पी१६९० आणि पी१६९१ आले तर आधी स्टिअरिंग कॉलमखालचा कनेक्टर उघडून हिरवी बुरशी बघा. ईसीएमला हात लावायची वेळच येत नाही कधीकधी.

पी१६९३ अधूनमधून येत असेल तर चावीचा जुडगा तपासा. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असली की दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि ईसीएमला काहीच कळत नाही. दुसरी चावी सोडवून बघायला पैसे लागत नाहीत.

मीटर_आणि_मोटर

फोक्सवॅगन-स्कोडा गटाचं लक्षण वेगळं, तेही इथे असू द्या. तिथे इंजिन *सुरू होतं* आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं. पुन्हा सेल्फ मारा, पुन्हा तेच. कोड १७९७८, म्हणजे पी१५७०. डिझेलवाले हे बघून फिल्टर आणि लिफ्ट पंप बदलत बसतात. दर वेळी ठरल्यासारखं तेवढ्याच वेळात बंद पडत असेल तर डिझेल कमी पडतंय असं नाही, इमोबिलायझरच बंद करतोय. आधी स्कॅनर लावा.

तिसऱ्या पिढीच्या इमोबिलायझरमध्ये क्लस्टर आणि ईसीएम दोघांकडे चासी नंबर, १४ अक्षरी इमोबिलायझर ओळख आणि चार अंकी कोड असतो. जुना ईसीएम जुळवायला इथेही देणाऱ्या गाडीचा कोड लागतो. चुकला की क्लस्टर थांबायला लावतो: आधी १० मिनिटं, मग २०, मग ४०. इग्निशन चालू ठेवून थांबायचं, आणि त्या वेळात बॅटरी बसू नये म्हणून चार्जर जोडलेला हवा. पुढच्या पिढ्यांत हा कोड हाताने टाकणं संपलं. कंपनीच्या फाझिट डेटाबेसशी ऑनलाइन जोडूनच जुळवणी होते.

सोल्डर_सांगली

आता बोर्ड. क्रम चुकवू नका.

१. पाण्यात गेलेल्या गाडीचं इग्निशन चालू करून "बघायचं" नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ईसीएमला कायम १२ व्होल्ट मिळणारी पिन असते. ओलाव्यात करंट वाहत राहिला की त्या पिनेच्या शेजारचं तांबं विरघळतं. पाण्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं यातून होतं. खारं पाणी असेल तर तासांचा हिशोब आहे.

२. ईसीएम उघडला की पहिली धुलाई डीआयोनाइज्ड पाण्याने, कारण क्षार आणि चिखल अल्कोहोलमध्ये नीट निघत नाहीत. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रश. मग ५०-६० अंशांवर सहा-आठ तास. हेअर ड्रायर कोपऱ्यात धरून केलेलं वाळवणं पुरत नाही, मोठ्या चिपेच्या खाली पाणी बसून राहतं. सिरॅमिक पाटीवर जेल ओतलेली युनिटं असतील तर ब्रश लावायचाच नाही. जेलच्या खाली केसासारख्या बाँडिंग तारा असतात, एक तुटली की संपलं.

३. वीज देण्यापूर्वी ईईप्रॉम वाचा. बोर्ड जिवंत आहे का हा प्रश्न नंतरचा.

वाचताना होणाऱ्या चुका:

क्लिप लावून बोर्डावरच वाचायला गेलात तर प्रोग्रामरचे ५ व्होल्ट अख्ख्या लाइनवर जातात, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर बोलायला लागतो. मग दर वाचनाला वेगळा डेटा येतो. याहून वाईट म्हणजे त्या गोंधळात प्रोसेसर चिपेत काहीतरी *लिहूही* शकतो. त्यामुळे महत्त्वाचा बोर्ड असेल तर चिप उचलूनच वाचा. आधी वरचं लॅकर काढा, शेजारच्या भागांवर कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लावा, बोर्ड खालून शंभरेक अंश गरम, वरून हॉट एअर ३५०च्या आसपास. पायांना नवीन फ्लक्स. चिप सहज सरकली पाहिजे. ओढलीत तर पॅड निघतो.

उचलण्याआधी पहिल्या पायाची खूण दिसेल असा फोटो घ्या.

तीन वेळा वाचा, तिन्ही फायली तंतोतंत सारख्या यायला हव्यात. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे ०० आलं म्हणजे चिप कोरी आहे असं धरू नका, बहुतेक वेळा पाय टेकलेला नसतो किंवा गंजाने आतून तुटलेला असतो.

९३सी मालिकेत आणखी एक खोच आहे. ती ८ बिट किंवा १६ बिट अशा दोन मांडण्यांत चालते, बोर्डावरचा ओआरजी पाय कुठे जोडलाय त्यावर ठरतं. मांडणी चुकीची निवडलीत तर फाइल ठीकठाक दिसते पण बाइटांच्या जोड्या उलट्या असतात. ती तशीच नव्या चिपेत गेली की ईसीएमला काहीच ओळखू येत नाही.

आय२०_कोथरूड

वाचलेली फाइल बरोबर आहे हे कसं ओळखायचं? मला तर सगळे आकडेच दिसणार.

सोल्डर_सांगली

उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात चासी नंबर शोधा. भारतात बनलेल्या ह्युंदाईचा "एमएएल"ने सुरू होतो, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ४डी ४१ ४सी. मारुतीचा "एमए३", टाटाचा "एमएटी". "एमएएल"च्या जागी "एएम" आणि पुढे भलतंच अक्षर दिसलं तर बाइट उलटे आलेत. चासी नंबर सलग वाचता आला आणि आरसीशी जुळला तर वाचन चांगलं. काही ईसीएम चासी नंबर ईईप्रॉममध्ये ठेवतच नाहीत, तिथे तीन सारख्या फायली हाच पुरावा.

संकेतलिपी

तारतंत्री दादांनी हाक मारलीच आहे तर आतली रचना सांगते.

बॉश एमई७ घ्या. ९५०४० मध्ये १६-१६ बाइटांची पानं आहेत. बहुतेक पानाच्या शेवटी त्या पानाची बेरीज असते आणि महत्त्वाची पानं दोनदा लिहिलेली असतात. सुरू होताना ईसीएम बेरीज तपासतो. एक प्रत बिघडली तर दुसरी वापरतो. दोन्ही बिघडल्या की १८०४८, पी१६४० हा मेमरीचा कोड टाकतो. ही दुहेरी मांडणी फार विचाराने केलेली आहे: लिहिता लिहिता वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहते. हेक्स एडिटरमध्ये हाताने एखादा आकडा बदलून बेरीज न सुधारणारे हीच सोय मोडतात आणि मग "चिप खराब आहे" म्हणतात.

डेटा बिघडतो कधी? चिपेचं आयुष्य सहसा संपत नाही, आजच्या ईईप्रॉमला दहा लाख वेळा लिहिता येतं. बिघडतो तो लिहिण्याच्या क्षणी. एक पान लिहायला पाचेक मिलिसेकंद लागतात. चावी बंद केल्यावर ईसीएम मेन रिले स्वतः धरून ठेवतो आणि त्या वेळात आपल्या नोंदी लिहितो. नेमकी तेव्हाच बॅटरीची तार काढली तर अर्धं पान लिहिलं जातं. म्हणून चावी बंद केल्यावर निदान दोन मिनिटं थांबून मगच तार काढायची. मरायला टेकलेल्या बॅटरीवर वारंवार सेल्फ मारणं आणि ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देणं हेही त्याच यादीत.

ट्रायकोरच्या युनिटांत वेगळी तऱ्हा आहे. टीसी१७९७ मध्ये ४ एमबी प्रोग्राम फ्लॅश आणि ६४ केबी डेटा फ्लॅश. फ्लॅशमध्ये एकच बाइट पुसून बदलता येत नाही, अख्खा विभाग पुसावा लागतो. म्हणून नवी नोंद मागच्या नोंदीच्या पुढे लिहिली जाते, विभाग भरला की शेवटच्या चांगल्या नोंदी दुसऱ्या विभागात उचलून नेल्या जातात आणि पहिला पुसतात. त्यामुळे एकाच गोष्टीच्या पाच-सहा जुन्या नोंदी डंपमध्ये (चिपेतून वाचलेल्या फाइलमध्ये) दिसतात. पहिली दिसली ती खरी असं नसतं. नुसती प्रोग्राम फ्लॅश कॉपी करून "क्लोन केला" म्हणणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण इमोबिलायझर डेटा फ्लॅशमध्ये राहून गेला. शिवाय काही युनिटांत हा डेटा त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या क्रमांकाशी बांधून लिहिलेला असतो. तशी कॉपी दुसऱ्या प्रोसेसरवर जशीच्या तशी चालत नाही.

आता सुरक्षा भाग. एसएचई नावाच्या जर्मन मोटार उद्योगातून आलेल्या रचनेत एईएस-१२८च्या किल्ल्यांसाठी ठरलेले खण असतात. खणात किल्ली घालता येते, तिने काम करून घेता येतं, पण ती परत बाहेर काढता येत नाही. नवी किल्ली घालायची तर अधिकाराची जुनी किल्ली माहीत असावी लागते आणि सोबतचा काउंटर पुढेच जायला हवा, म्हणजे जुना संदेश पुन्हा वाजवून उपयोग नाही. अशा युनिटात सोल्डर_सांगली यांचं "आधी वाचा" लागू पडत नाही. तिथे नवा ईसीएम आणि कंपनीची ऑनलाइन नोंदणी हाच रस्ता.

मीटर_आणि_मोटर

ताई, एक विचारायचं होतं. चिपेतलं गणित पक्कं असेल तर पिन चार अंकी असला काय आणि सहा अंकी असला काय, फरक किती पडतो?

संकेतलिपी

पडतो, आणि गणितही सगळीकडे पक्कं नव्हतं. डीएसटी४० (चावीच्या चिपांचा एक प्रकार; हिटॅग२, मेगामॉस आणि डीएसटी८० हेही तसेच) मध्ये ४० बिटची किल्ली होती, ती २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि आरएसए लॅबच्या संशोधकांनी फोडून दाखवली. हिटॅग२ ची ४८ बिट, तिच्यावरचं काम २०१२ चं. मेगामॉसची किल्ली ९६ बिटांची, म्हणजे कागदावर भक्कम. तरी तिच्यातले दोष सांगणारा लेख २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने थांबवला आणि तो छापला गेला २०१५ मध्ये. २०२० मध्ये डीएसटी८० वर काम झालं. त्यात ह्युंदाई-कियाच्या काही मॉडेलांत ८० बिटांच्या किल्लीत खरी यादृच्छिकता २४ बिटांचीच निघाली. कुलूप मोठं, पण किल्ल्यांचे दातेच मोजके. म्हणून साठवलेल्या बाइटांची लांबी नुसती बघू नका, ते बनले कसे हे महत्त्वाचं.

आणि याच धाग्यात कळकळीने सांगते: डंप इथे टाकू नका. जुन्या फोक्सवॅगन युनिटांत कोड साध्या दोन बाइटांत असतो, धाकटा बाइट आधी. १२३४ असेल तर हेक्समध्ये डी२ ०४ असा. सोबत चासी नंबर. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याला तुमच्या गाडीची चावी बनवण्याचा निम्मा रस्ता मिळाला. मदत हवी असेल तर कोड, अवस्था आणि चिपेचा फोटो पुरे.

डिझेल_धुळे

सगळं ठीक, पण गिऱ्हाईक विचारतं की इमो ऑफ (इमोबिलायझर कायमचा बंद) का करत नाही? हजार-दीड हजारात करून देणारे आहेत.

चावी_नाशिक

गिऱ्हाइकाला पूर्ण सांगा मग त्याने ठरवू दे. इमोबिलायझर काढला की लॉक फिरवू शकणारा कुणीही गाडी नेऊ शकतो. अमेरिकेत २०२१-२२ मध्ये किया-ह्युंदाईच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या, इमोबिलायझरच नसलेल्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने लॉक फिरवून पोरांनी नेल्या. त्याच कंपन्यांच्या इमोबिलायझर असलेल्या गाड्यांवर ती युक्ती चालली नाही. आपल्याकडे चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि गाडीत काय फेरफार झाला ते विचारते. शिवाय पुढच्या मालकाला हे कोणी सांगत नाही.

आणि कारागीर म्हणून: अशा कामात बहुतेकदा मूळ फाइल ठेवलेली नसते. नंतर पूर्ववत करायचं म्हटलं तरी शक्य होत नाही. खरं तर मूळ ईईप्रॉम वाचता येत असेल तर ऑफ करायची गरजच उरत नाही, डेटा नव्या बोर्डावर नेला की त्याच चाव्यांनी गाडी सुरू होते.

तारतंत्री

आय२०_कोथरूड, तुमच्यासाठी क्रम:

मूळ ईसीएम अजून हातात असेल तर तो सोल्डर_सांगली यांच्या पद्धतीने धुऊन वाचून घ्या. डेटा चांगला निघाला तर तो त्याच हार्डवेअर आणि त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाच्या बोर्डावर हलवता येतो. वरच्या लेबलवरचा पार्ट नंबर सारखा असूनही आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, ते स्कॅनरवर ताडून घ्या. जुन्या ईसीएमची स्वतःची फाइलही आधी जपून ठेवा, म्हणजे काही फसलं तर परत फिरता येईल.

मूळ डेटा मेला असेल तर नवा कोरा ईसीएम. आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत केंद्रातून चासी नंबरवर पिन मिळतो. ज्या ज्या चाव्या आहेत त्या *सगळ्या* घेऊन जा. नव्याने शिकवताना आधीच्या नोंदी पुसल्या जातात, घरी राहिलेली चावी त्या दिवसापासून फक्त दार उघडेल. काम चालू असताना बॅटरीला स्थिर पुरवठा द्या, १३ व्होल्टच्या वर राहिला पाहिजे. ट्रिकल चार्जर यासाठी पुरत नाही. डिझेल असतं तर इंजेक्टरवरचे आयक्यूए (प्रत्येक इंजेक्टरच्या मापाचे) कोडही लिहून घ्यायला सांगितलं असतं, कोऱ्या ईसीएममध्ये तेही टाकावे लागतात.

आय२०_कोथरूड

मूळ बोर्ड आहे, पिशवीत ठेवलाय. स्कॅनरवर "स्मार्ट्रा स्टेटस: लर्न्ट" अशीही एक ओळ दिसते. तिचं काय?

चावी_नाशिक

मग तुमची स्मार्ट्रा-३ आहे. तिच्यात स्वतःचीही अवस्था असते, आणि ती तुमच्याच गाडीच्या पिनला बांधलेली आहे. ती बदलू नका, भंगारातली दुसरी लावू नका. ती तशीच ठेवून मूळ ईसीएमचा डेटा शाबूत मिळाला तर तिला काही करावं लागणार नाही. सध्या लावलेल्या ईसीएममुळे पी१६९ए आला असेल तर तो याच न जुळण्याचा आहे, स्मार्ट्रा बिघडलेली नाही.

सोल्डर_सांगली

बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आत्ता बाहेर काढा. ओलावा कोंडून ईईप्रॉमचे पाय आठवडाभरात हिरवे होतात. झाकण उघडा, धुवा, वाळवा आणि वाचेपर्यंत अँटिस्टॅटिक पाकिटात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. चिपेवरचा पूर्ण नंबर इथे लिहा, ती कोणत्या व्होल्टेजवर आणि कोणत्या मांडणीत वाचायची ते सांगतो.